पाव्हिया १५२५: थकलेल्या पगारांचा वेढा

२४ फेब्रुवारी १५२५ च्या सकाळी उत्तर इटलीतल्या पाव्हिया शहराबाहेर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस जिवंत पकडला गेला. त्याचे बहुतेक जुनेजाणते सेनापती त्याच रानात मरून पडले होते. ज्याच्या नावाने ही लढाई जिंकली गेली, तो सम्राट पाचवा चार्ल्स शेकडो कोस दूर स्पेनमध्ये होता. तो दिवस त्याचा पंचविसावा वाढदिवस होता, आणि विजयाची बातमी त्याच्यापर्यंत पोचायला १० मार्च उजाडला.

पाव्हियाची गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ओळीत संपवली जाते: बंदुकीने चिलखती घोडेस्वाराला हरवलं. हे खोटं नाही, पण लढाई चालली जेमतेम काही तास आणि तिच्या आधीचा वेढा चालला चार महिने. राजा त्या रानात त्या पहाटे, तेवढ्याच सैन्यानिशी का उभा होता, याचं उत्तर त्या चार महिन्यांतच शोधावं लागतं. ते महिने नीट तपासले की जवळजवळ प्रत्येक वळणावर एकच गोष्ट भेटते, ती म्हणजे रिकामी तिजोरी. दोन्ही राजांनी ऐपतीबाहेरचं सैन्य उभं केलं होतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, आणि पाव्हियाला दोन्ही बाजू नेमकं तेच सोंग आणायला बघत होत्या.

भांडण मिलानचं

१५१९ मध्ये पवित्र रोमन सम्राटपदासाठी फ्रान्सिस आणि चार्ल्स दोघेही उभे होते. चार्ल्स निवडून आला. स्पेन, नेपल्स आणि नेदरलँड्स त्याच्याकडे आधीच होते, आता जर्मनीचा मुकुटही आला. फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक सीमेवर एकाच घराण्याची सत्ता झाली. या साऱ्या मुलखाचा सांधा होता मिलान. ते चार्ल्सकडे असेल तर नेपल्सपासून जर्मनीपर्यंत रस्ता मोकळा, फ्रान्सिसकडे असेल तर तो मधेच तुटलेला. फ्रान्सिसने तरुणपणी, १५१५ मध्ये, मारिन्यानोची लढाई मारून मिलान घेतलं होतं आणि १५२१ मध्ये ते त्याच्या हातून गेलं.

परत मिळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १५२२ च्या एप्रिलमध्ये बिकोक्काला झाला. पुढचं सगळं समजायला तो उपयोगी आहे. फ्रेंच सेनापती लोत्रेककडे हजारो स्विस भालाईत होते आणि त्यांचा पगार थकला होता. त्यांनी सरळ तीन पर्याय समोर ठेवले: पगार द्या, नाहीतर रजा द्या, नाहीतर लढाई द्या. पैसा नव्हता आणि त्यांना सोडणं परवडणार नव्हतं, म्हणून लोत्रेकने लढाई दिली. खंदकापलीकडे तोड्याच्या बंदुका घेऊन बसलेल्या स्पॅनिश पायदळावर स्विस समोरून चालून गेले आणि सुमारे ३,००० माणसं गमावून माघारी फिरले. बंदुकीची ताकद तिथेच दिसली होती. लढाईचा दिवस सेनापती ठरवत नाही, थकलेला पगार ठरवतो, हेही तिथेच दिसलं होतं. पहिला धडा युरोपभर गाजला. दुसऱ्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही, असं मला वाटतं.

१५२३ मध्ये फ्रान्सचा सरसेनापती, बूर्बाँचा ड्यूक शार्ल, शत्रूला जाऊन मिळाला. राजाची आई लुईस हिने त्याच्या वारशावर दावा लावला होता, आणि त्या वादात आपल्याला न्याय मिळणार नाही अशी त्याची खात्री झाली होती. १५२४ च्या उन्हाळ्यात याच बूर्बाँने सम्राटाचं सैन्य घेऊन दक्षिण फ्रान्सवर स्वारी केली. मार्सेयचा वेढा फसला. ठरलेला पैसा आला नाही, स्पेनहून मदत आली नाही, आणि सप्टेंबरच्या अखेरीस हे सैन्य फाटक्या कपड्यांनिशी, झिजल्या पायांनी इटलीकडे परतू लागलं. रोममध्ये कुणीतरी चिठ्ठी लावली की सम्राटाचं सैन्य डोंगरात हरवलंय, सापडल्यास कळवावं.

ऑक्टोबरचा निर्णय

फ्रान्सिसला संधी दिसली आणि ती खरीच होती. आईने समजावलं तरी तो थांबला नाही. ऑक्टोबरच्या मध्याला त्याने आल्प्स ओलांडले आणि २६ ऑक्टोबरला त्याचं सैन्य मिलानमध्ये शिरलं. शहर त्या उन्हाळ्यातल्या प्लेगने निम्मंअर्धं ओस पडलं होतं, त्यामुळे ते राखायला शत्रू थांबलाच नाही. नेपल्सचा व्हाइसरॉय लानुआ आणि पेस्काराचा मार्क्विस उरलंसुरलं सैन्य घेऊन पूर्वेला आद्दा नदीकाठच्या लोदीला सरकले. आंतोनियो दे लेयवा हा अनुभवी स्पॅनिश सरदार सुमारे ६,००० माणसांनिशी पाव्हियात जाऊन बसला. त्याच्या शिबंदीत बहुतेक जर्मन भाडोत्री आणि थोडे स्पॅनिश होते.

आता राजापुढे दोन वाटा होत्या. दमलेल्या, उपाशी, बिनपगारी सैन्याचा लोदीपर्यंत पाठलाग करायचा किंवा आधी पाव्हिया घ्यायचं. त्याने पाव्हिया निवडलं.

त्याची बाजूही समजून घ्यायला हवी. पाव्हिया हे त्या ड्यूकराज्यातलं दुसरं मोठं शहर. सहा हजारांची शिबंदी पाठीमागे ठेवून पुढे गेलं की रसदीचा रस्ता तुटायची भीती. हिवाळा तोंडावर होता, लोदीला तटबंदी होती, आणि पाव्हिया काही दिवसांत पडेल असा अॅडमिरल बोनिव्हेसारख्या जवळच्या सल्लागारांचा भरवसा होता. नकाशावर हा निर्णय चुकीचा दिसत नाही. पण त्या घडीला शत्रूकडे एकच गोष्ट नव्हती, वेळ. लोदीतल्या सैन्याला जर्मनीहून कुमक यायला दोन-तीन महिने हवे होते आणि वेढा घालून फ्रान्सिसने नेमके तेच त्यांना दिले. ही मोहीम मी २४ फेब्रुवारीला नाही, ऑक्टोबरच्या या शेवटच्या आठवड्यात हरलेली मानतो.

लेयवाचं शहर

तोफांनी तटाला खिंडारं पडली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फ्रेंचांनी हल्ले चढवले. आत लेयवाने पडलेल्या तटामागे नवे खंदक आणि मातीचे बांध तयार ठेवले होते, त्यामुळे खिंडारातून आत आलेली माणसं दुसऱ्या तटासमोर उघडी पडली आणि मारली गेली. शहराच्या दक्षिणेला तिचिनो नदी होती आणि नदीच्या भरवशावर तिकडचा तट कच्चा ठेवलेला होता. म्हणून फ्रेंचांनी नदीचं पाणी दुसऱ्या फाट्यात वळवायला बांध घातला. मोठा पाऊस झाला आणि बांध वाहून गेला. मग त्यांनी हल्ल्यांचा नाद सोडला आणि शहर उपासमारीने पडायची वाट बघत बसले.

लेयवाला गाउटचा जुना त्रास होता आणि पुष्कळदा त्याला खुर्चीत बसवून न्यावं लागे. त्याची खरी डोकेदुखी मात्र बाहेर नव्हती, आत होती. जर्मन भाडोत्र्यांचा करार पगाराचा होता. सम्राटावरच्या निष्ठेपोटी उपास काढायला ते बांधलेले नव्हते, आणि एखाद्या रात्री ते दरवाजा उघडून देतील ही भीती फ्रेंच तोफांपेक्षा मोठी होती. लेयवाने चर्चमधली सोन्याचांदीची भांडी जमा करून वितळवली आणि त्यांची नाणी पाडली. वेढ्यातली ही ओबडधोबड नाणी १५२४ हे साल मिरवत आजही संग्रहांत जपलेली आहेत. बाहेरून लानुआ आणि पेस्कारा यांनीही थोडा पैसा चोरवाटेने आत पोचवला. रक्कम थोडी होती, पण पैसा येऊ शकतो हे शिपायांना दिसलं आणि तेवढ्यावर ते थांबले. घोडे, गाढवं खाऊन लोक दिवस काढत होते. पाव्हिया चार महिने टिकलं याचं श्रेय तटाइतकंच त्या वितळलेल्या भांड्यांना द्यायला हवं.

छावणी झिजत गेली

या काळात फ्रेंच छावणीचं काय होत होतं? वरकरणी सगळं उत्तम चाललं होतं. शहराच्या उत्तरेला व्हिस्कोंती घराण्याने राखलेलं मोठं शिकारी रान होतं. त्याला चहूबाजूंनी कित्येक किलोमीटर लांबीची विटांची भिंत, आत झाडी, कुरणं, ओहोळ आणि मधोमध मिराबेल्लोची शिकारी कोठी. सैन्याला तळ ठोकायला ही जागा उत्तम होती. छावणीत व्यापारी, सुतार, बायका, दारूविक्रे यांचा बाजार भरला होता.

डिसेंबरमध्ये पोप सातव्या क्लेमंटने फ्रान्सिसशी गुप्त करार केला. राजाचा आत्मविश्वास इतका वाढला की त्याने सैन्याचा मोठा तुकडा तोडून, अल्बनीचा ड्यूक जॉन स्ट्यूअर्ट याच्या हाताखाली, नेपल्स घ्यायला दक्षिणेला पाठवला. लानुआ त्यामागे धावेल आणि लोदी रिकामं होईल अशी अपेक्षा होती. लानुआ डळमळलाही. पण नेपल्स राहणार की जाणार हे लोम्बार्दीतच ठरेल, इथे जिंकलो तर तिकडचं आपोआप सुटेल, हे पेस्काराने त्याला पटवलं. अल्बनीचं सैन्य लढाईच्या दिवशी शेकडो मैल दूर, कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

जानेवारीत सम्राटाच्या बाजूच्या एका साहसी सरदाराने आल्प्सच्या पायथ्याचं कियाव्हेन्ना घेतलं. त्या खोऱ्यावर ग्राउब्युन्डेन या स्वतंत्र डोंगरी संघाची सत्ता होती, आणि त्याच संघाचे पाचेक हजार भालाईत फ्रान्सिसकडे चाकरीला होते. घर राखायला त्यांना परत बोलावणं आलं. राजाने विनवण्या केल्या, पण लढाईच्या काही दिवस आधी ते छावणी सोडून गेले. त्याच आठवड्यात इटालियन तुकड्यांचा सर्वांत खमका नायक जोव्हान्नी दे मेदिची पायाला गोळी लागून जखमी झाला, त्याला उपचारासाठी हलवावं लागलं, आणि तो नसताना त्याची माणसं पांगली.

याहून गंभीर बाब हजेरीपटाची होती. त्या काळच्या एका फ्लोरेन्टाइन इतिहासकाराने नोंदवलंय की राजा जितक्या माणसांचा पगार भरत होता, तितकी माणसं छावणीत नव्हतीच. मेलेल्यांची आणि पळून गेलेल्यांची नावं पटावर तशीच ठेवून कप्तान पैसे खात होते. म्हणजे फ्रान्सिस ज्या आकड्यांवर विसंबून बेत आखत होता, ते आकडेच फसवे होते. सेनापतीला शत्रूची संख्या कळली नाही तर ते समजण्यासारखं आहे. स्वतःची कळली नाही तर सर्वांत शहाणा बेतही वाळूवर उभा राहतो.

दरम्यान बूर्बाँ जर्मनीहून भाडोत्री पायदळ घेऊन आला. त्यात गेओर्ग फॉन फ्रुंड्सबेर्ग या जर्मन सेनानायकाच्या तुकड्या होत्या. २४ जानेवारीला सम्राटाचं सैन्य लोदीहून निघालं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला रानाच्या पूर्वेला, व्हेर्नाव्होला ओढ्यापलीकडे येऊन ठाकलं. तीन आठवडे दोन्ही सैन्यं मोर्चे बांधून एकमेकांवर तोफा डागत राहिली. ला पालीस, ला त्रेमुय यांसारखे पिकल्या केसांचे सरदार राजाला सांगत होते की वेढा उठवा, मागे सरका, समोरच्यांकडे पैसे नाहीत, ते आपोआप विरघळतील. सल्ला अचूक होता. बोनिव्हेचं म्हणणं पडलं की फ्रान्सचा राजा माघार घेत नसतो, आणि राजाला तेच ऐकायचं होतं.

समोरची हालत खरोखरच तशी होती. अन्न संपत आलं होतं आणि जर्मन लोक निघून जायच्या गोष्टी बोलत होते. पेस्काराने आपल्या स्पॅनिश पायदळाला आणखी काही दिवस बिनपगारी थांबायला कसंबसं राजी केलं. बिकोक्काचीच अवस्था, फक्त बाजू उलटलेली. आता सम्राटाच्या सेनापतींना लढाई देणं भाग होतं, कारण आणखी आठवडाभराने लढायला सैन्यच उरलं नसतं.

भिंत

२३ फेब्रुवारीच्या रात्री सम्राटाच्या मोर्च्यांवरून नेहमीसारख्या तोफा वाजत राहिल्या, पण मुख्य सैन्य अंधारात उत्तरेकडे सरकत होतं. एकमेकांना ओळखता यावं म्हणून शिपायांनी चिलखतांवर पांढरे सदरे चढवले होते. ज्यांच्याकडे सदरा नव्हता त्यांनी कागद किंवा चिंध्या बांधल्या. रानाच्या भिंतीच्या उत्तरेकडच्या अंगाला बेलदार कामाला लागले. सुरुंग लावला तर सगळी छावणी जागी होईल, म्हणून पहारी, कुदळी आणि लाकडी ओंडक्यांनी ती भिंत फोडायची होती. जुनी वीट आणि चुना अपेक्षेपेक्षा चिवट निघाले. मध्यरात्रीपर्यंत आटोपायचं काम पहाटेपर्यंत लांबलं. भगदाडं पडली तेव्हा उजाडायला थोडाच वेळ होता आणि बाहेर हजारो माणसं थंडीत दाटीवाटीने उभी होती.

मूळ बेत मोठी लढाई मारायचा होता का, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. मिराबेल्लो घ्यायचं, लेयवाशी हातमिळवणी करायची आणि शत्रूला मोर्च्यांबाहेर काढायचं, एवढंच बहुधा मनात होतं. देल व्हास्तोचा मार्क्विस सुमारे ३,००० हलकं पायदळ घेऊन सर्वांत आधी आत शिरला आणि धुक्यातच त्याने मिराबेल्लोची कोठी घेतली.

उजेड झाला तसं फ्रेंचांना कळलं. तोफखान्याचा प्रमुख गालियो द जनुयाक याने भगदाडांतून येणाऱ्या रांगांवर नेमका मारा सुरू केला आणि तो लागूही पडत होता. माणसं ओघळीत, झाडीत आडोसा शोधू लागली. फ्रान्सिसला वाटलं की शत्रू मोडला. त्याने आपल्या चिलखती घोडदळाला पुढे घातलं, स्वतः अग्रभागी राहिला आणि लानुआच्या घोडदळावर तुटून पडला. पहिली धडक त्याने जिंकली. आता मी खऱ्या अर्थाने मिलानचा ड्यूक झालो, असं तो सोबतच्या सरदाराला म्हणाल्याचं सांगतात.

पण या धडकेने राजा आपल्याच तोफांच्या तोंडासमोर आला आणि तोफा बंद पडल्या. त्याचं पायदळ मागे राहिलं. धडक संपून घोडे थबकले तिथे एका अंगाला झाडी होती आणि जमीन ओली होती. पेस्काराने सुमारे दीड हजार बंदूकवाले त्या झाडीत सोडले. जामगी पेटती ठेवून, रांगेचा हट्ट न धरता, झाडाआडून, बांधाआडून ते सुटे सुटे लढत होते. जवळून सुटलेली जड गोळी चिलखत फोडत होती. घोडे कोसळले की स्वार उठू शकत नव्हते. ही लढाई ब्रुसेल्सला विणलेल्या सात प्रचंड पडद्यांवर चितारलेली आहे. १५३१ मध्ये ते चार्ल्सला भेट मिळाले आणि आज नेपल्सच्या कापोदीमोन्ते संग्रहालयात आहेत. त्यांच्यावर बंदूकवाल्यांची ती गर्दी जवळून पाहता येते.

उरलेली लढाई तुकड्या-तुकड्यांत हरली गेली. फ्रान्सच्या चाकरीतल्या ‘काळ्या पलटणी’च्या जर्मनांना समोरून फ्रुंड्सबेर्गच्या जर्मनांनी घेरलं आणि एकमेकांना गद्दार समजणाऱ्या या देशबांधवांत कुणी कुणाला सोडलं नाही. तिथे इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा रिचर्ड द ला पोलही पडला. फ्रान्सिसच्या चाकरीतले स्विस उशिरा आले, नेट धरून लढले नाहीत, आणि पळताना तिचिनोत कितीतरी बुडाले, कारण पिछाडीच्या आलाँसाँच्या ड्यूकने मागचा पूल तोडला होता. शहरातून लेयवा बाहेर पडला आणि त्याने उरलेली वाट बंद केली.

राजाचा घोडा मेला. चेहऱ्यावर आणि हातावर जखमा घेऊन तो पायउतारा लढत राहिला, आणि त्याच्याभोवती त्याला पकडल्याचा हक्क कुणाचा यावर शिपायांची हमरीतुमरी सुरू झाली. राजा म्हणजे सुटकेची अफाट रक्कम, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अखेर लानुआ पोचला आणि राजा त्याच्या स्वाधीन झाला. ला पालीस, ला त्रेमुय, बोनिव्हे मरण पावले. फ्रान्सच्या बाजूने लढणारे नव्हारचा राजा आणि सरदार माँमोराँसी कैद झाले.

विजय वटवायचा कसा

फ्रान्सिसने आईला लिहिलं की सगळ्यातून मान आणि वाचलेला जीव एवढंच माझ्याकडे उरलंय. आता सम्राटापुढे फ्रान्स उघडा पडला होता. तरीही त्याचं सैन्य सीमा ओलांडून गेलं नाही, कारण पैसा नव्हता. उलट आपलेच शिपाई थकबाकीसाठी राजालाच तारण म्हणून धरून ठेवतील ही लानुआची धास्ती होती. पुढे फ्रान्सिसला स्पेनला हलवण्यामागे तीही होती. चार्ल्सचा मित्र, इंग्लंडचा आठवा हेन्री, फ्रान्स वाटून घ्यायला उतावीळ होता. त्याने त्या स्वारीसाठी नवा कर बसवायला घेतला, सफकमध्ये विणकर आणि कष्टकरी उठले, आणि मे महिन्यात तो कर सोडून द्यावा लागला.

इथे आपल्या किनाऱ्याशी एक खरा धागा जुळतो. चार्ल्सचं लग्न हेन्रीच्या मुलीशी ठरलं होतं. ते मोडून त्याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या इझाबेलाशी केलं, आणि तिच्या नऊ लाख सुवर्ण दोब्लांच्या हुंड्याचा त्यात मोठा वाटा होता. पोर्तुगालची ती श्रीमंती मसाल्याच्या दर्यावर्दी व्यापारातून आलेली होती. इझाबेलाचा बाप मनुएल याच्याच कारकिर्दीत, १५१० मध्ये, गोवा पोर्तुगीजांनी घेतलं होतं.

माद्रिदच्या कैदेत फ्रान्सिसने १४ जानेवारी १५२६ ला फ्रान्सचा बर्गंडी हा मुलूख चार्ल्सला सोडायचा तह केला. मार्चमध्ये दोन्ही देशांच्या सीमेवरच्या बिदासोआ नदीवर आठ आणि सहा वर्षांचे दोन मुलगे ओलीस देऊन तो सुटला आणि घरी पोचताच त्याने तह झिडकारला. मुलं चार वर्षं अडकली. याबद्दल त्याला माफ करणं मला जड जातं. इटलीत राहिलेल्या सम्राटाच्या सैन्याचा पगार तरीही आलाच नाही. मार्च १५२७ मध्ये बंडाला उठलेल्या आपल्या माणसांना समजावताना फ्रुंड्सबेर्गला पक्षाघाताचा झटका आला. ६ मे रोजी तेच सैन्य रोमवर तुटून पडलं, बूर्बाँ तटाशीच गोळी लागून मेला, आणि शहर लुटलं गेलं.

१५२९ च्या कांब्रेच्या तहात बर्गंडी फ्रान्सकडे राहिलं आणि मुलांच्या सुटकेची किंमत ठरली वीस लाख सोन्याचे एक्यू. त्यातले बारा लाख रोख द्यायचे होते. सीमेजवळच्या बायोन शहरात नाणी मोजण्यात आणि कस लावून पाहण्यात महिने गेले, आणि त्यातली काही हिणकस निघाली म्हणून स्पॅनिश अधिकाऱ्यांनी ती परत केली. १ जुलै १५३० ला पेट्या नदीपार गेल्या आणि मुलं घरी आली. मिलान चार्ल्सच्याच वर्चस्वाखाली राहिलं. १५३५ मध्ये तिथला शेवटचा स्फोर्झा ड्यूक वारस न ठेवता वारला, आणि पुढच्याच वर्षी दोघे राजे त्याच शहरासाठी पुन्हा युद्धावर निघाले.